समुद्राची खोली मोजणारे जहाज

शाळेच्या भिंतीवरील नकाशात समुद्र म्हणजे कोरा निळा रंग. खलाशाच्या नकाशात नेमके उलटे असते. तेथे जमीन बहुतांशी कोरी आणि समुद्र आकड्यांनी भरलेला असतो. प्रत्येक आकडा म्हणजे त्या ठिकाणची पाण्याची खोली. हे आकडे कोण लिहितो? ते खरे कशावरून मानायचे? आणि आकडा हाती नसेल तर काय होते? दुसऱ्या महायुद्धात पॅसिफिक महासागरात या प्रश्नांची उत्तरे फार महागात मिळाली. अमेरिकन नौदलाच्या एका सर्वेक्षण जहाजाच्या आधाराने ती पाहू या.

या जहाजाचे नाव 'सम्नर'. १९१५ मध्ये ते 'बुशनेल' या नावाने नौदलात आले, तेव्हा पाणबुड्यांना रसद आणि दुरुस्ती पुरवणे हे त्याचे काम होते. पुढे ते समुद्राच्या सर्वेक्षणाला लावले गेले आणि १९४० मध्ये त्याला थॉमस सम्नर या कप्तानाचे नाव देण्यात आले. ढगाळ हवेत सूर्याचे एकच ओझरते दर्शन झाले, तरी तेवढ्यावरून आपले जहाज कोणत्या रेषेवर आहे हे काढता येते, असे या कप्तानाने १८३७ मध्ये आयर्लंडच्या किनाऱ्याजवळ दाखवून दिले होते. सर्वेक्षण जहाजाला याहून समर्पक नाव कोणते? ७ डिसेंबर १९४१ रोजी जपानी विमानांनी पर्ल हार्बरवर हल्ला केला, तेव्हा हे जहाज त्याच बंदरात होते आणि त्यानेही तोफा चालवल्या. पण त्याची खरी कामगिरी तोफांची नव्हती.

तारावाचे तीन फूट पाणी

पॅसिफिकमधील बरीच बेटे प्रवाळांची आहेत. मध्ये शांत पाण्याचे लगून, त्याभोवती बांगडीसारखी बेटांची माळ आणि बेटांना लागून पाण्याखाली पसरलेला प्रवाळाचा सपाट कट्टा, अशी त्यांची रचना असते. तारावा हे असेच एक कंकणद्वीप. २० नोव्हेंबर १९४३ रोजी अमेरिकन सैनिक तेथील बेटिओ बेटावर उतरू लागले. त्यांच्या होड्यांना तरंगण्यासाठी साडेतीन ते चार फूट पाणी लागत असे. भरतीच्या वेळी कट्ट्यावर पाच फूट पाणी मिळेल असा अंदाज होता. प्रत्यक्षात ते तीन फूट किंवा त्याहूनही कमी निघाले. होड्या कट्ट्याच्या कडेला अडकल्या आणि सैनिकांना बंदुकांच्या माऱ्यात कित्येकशे मीटर पाण्यातून चालत जावे लागले. सुमारे तीन दिवसांच्या लढाईत जवळजवळ एक हजार अमेरिकन मारले गेले. बेटावरील सुमारे ४,८०० जपानी सैनिक आणि कोरियन मजूर यांच्यापैकी जेमतेम दीडशे वाचले. हे सगळे मृत्यू पाण्याच्या उथळपणामुळे झाले असे म्हणता येणार नाही, पण त्याचा वाटा मोठा होता.

पाणी का चढले नाही? कोकणातल्या कोळ्याला विचारले तर तो प्रथम तिथी विचारील. अमावास्या-पौर्णिमेला सूर्य आणि चंद्र यांचे परिणाम एकमेकांत मिळतात आणि उधाणाची भरती येते. अष्टमीच्या सुमारास ते एकमेकांना काटतात आणि भांगाची भरती येते. त्या वेळी पाणी फार चढत नाही आणि फार उतरतही नाही. २० नोव्हेंबर १९४३ ही तिथी वद्य अष्टमीच्या आसपासची होती. म्हणजे भांग होता, आणि सेनाधिकाऱ्यांना ते ठाऊकही होते. पण आणखी एक गोष्ट त्यांच्या हिशेबात नव्हती.

चंद्राची कक्षा लंबवर्तुळाकार आहे. उपभू बिंदूशी तो पृथ्वीपासून सुमारे ३ लाख ६३ हजार किलोमीटरवर असतो, तर अपभू बिंदूशी सुमारे ४ लाख ५ हजार किलोमीटरवर. भरती निर्माण करणारा परिणाम अंतराच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात बदलतो. विद्यार्थ्यांना हे गणित जरूर करायला द्यावे. अंतर बाराच टक्क्यांनी वाढते, पण चंद्राचा परिणाम सुमारे २८ टक्क्यांनी घटतो. अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ डोनाल्ड ओल्सन यांनी १९८७ मध्ये मागचा हिशेब करून दाखवले की, तारावाच्या लढाईच्या वेळी भांग आणि चंद्राचे अपभू बिंदूशी असणे हे दोन्ही एकत्र आले होते. त्या संपूर्ण वर्षात असा योग दोनदाच आला होता.

फ्रँक हॉलंड हा न्यूझीलंडचा अधिकारी त्या बेटांवर पूर्वी राहिलेला होता. पाणी तीन फुटांवर जाणार नाही, असे तो आधी सांगत होता. परंतु त्याच्या अनुभवाला दुजोरा देणारी मोजमापे नव्हती. हाती असलेल्या नकाशांचा पाया १८४१ मधील विल्क्स मोहिमेच्या सर्वेक्षणाचा, म्हणजे शंभर वर्षांपूर्वीचा होता.

आकडा कसा तयार होतो?

गावातल्या विहिरीची खोली दोर सोडून श्रावणात मोजा आणि वैशाखात मोजा. आकडे वेगळे येतील, पण तळ तोच आहे. म्हणून 'पाणी किती?' याआधी 'कोणत्या पातळीपासून मोजले?' हे ठरवावे लागते. सागरी नकाशावरील खोली ओहोटीच्या अगदी खालच्या पातळीपासून मोजलेली असते. ती पातळी ठरवण्यासाठी किनाऱ्यावर मोजपट्टी उभी करून पाण्याच्या नोंदी सतत घ्याव्या लागतात आणि प्रत्येक मोजमापातून त्या क्षणीची भरती वजा करावी लागते. म्हणून सर्वेक्षणाचे पहिले काम जमिनीवर सुरू होते.

पुढचे काम खोलीचे. पूर्वी दोराला शिसे बांधून वाव मोजत. 'सम्नर'च्या काळी प्रतिध्वनीचे यंत्र आले होते. समुद्राच्या पाण्यात ध्वनी सेकंदाला सुमारे १,५०० मीटर जातो. तळावरून प्रतिध्वनी ०.०४ सेकंदात परत आला, तर ध्वनीने ६० मीटर अंतर कापले, म्हणजे खोली ३० मीटर.

पण ही खोली नेमकी कोठली? पाण्यावर खूण करता येत नाही. म्हणून किनाऱ्यावरील तीन ठळक खुणा निवडत आणि सेक्स्टंटने त्यांच्यातील दोन कोन एकाच वेळी मोजत. येथे शाळेतली भूमिती उपयोगी पडते. एकाच वर्तुळखंडातील कोन समान असतात. त्यामुळे पहिल्या कोनावरून आपली होडी एका वर्तुळाच्या कंसावर आहे एवढे कळते, दुसऱ्या कोनावरून दुसरा कंस मिळतो, आणि दोन कंस छेदतात तेथे आपली होडी.

प्रवाळाच्या समुद्रात एवढ्याने भागत नाही. प्रवाळाचे सुळके तळातून एकदम वर येतात आणि मोजणीच्या दोन रेषांच्या मधल्या जागेत लपून राहू शकतात. यासाठी दोन होड्यांच्या मध्ये ठराविक खोलीवर तार धरून पाणी अक्षरशः झाडून काढण्याची पद्धत होती. तार अडकली की तेथे सुळका. आज एका वेळी तळाचा रुंद पट्टा मोजणारी यंत्रे आहेत आणि स्थाननिश्चिती उपग्रह करतात. भारतात हे काम नौदलाचे जलसर्वेक्षण खाते करते आणि त्याची प्रशिक्षण संस्था गोव्यात आहे. साधने बदलली, तरी पातळी, खोली आणि जागा हे तीन प्रश्न तेच आहेत.

उलिथी

सप्टेंबर १९४४ मध्ये अमेरिकेने उलिथी हे कंकणद्वीप प्रतिकाराविना ताब्यात घेतले. ते टोकियोच्या दक्षिणेस सुमारे २,८५० किलोमीटरवर आहे. 'सम्नर'ने तेथील लगूनचे सर्वेक्षण केले आणि येथे सातशे जहाजे नांगरून राहू शकतील, असा अहवाल दिला. बहुतेक भागात पाणी २५ ते ३० मीटर खोल होते. मोठ्या जहाजांना पुरेल इतके खोल, आणि नांगर तळाला पोहोचेल इतके उथळ. एखाद्या चिमुकल्या बेटाजवळ आरमार मावेल हे बाहेरून पाहून कोणालाही सांगता आले नसते. मार्च १९४५ मध्ये ओकिनावाच्या मोहिमेसाठी तेथे सहाशेहून अधिक जहाजे जमली. पाच फुटांच्या अंदाजावर अडलेल्या होड्यांशी याची तुलना केली की, मोजलेल्या पाण्याचे मोल कळते.

बिकिनी

युद्ध संपले, तरी 'सम्नर'ची गोष्ट तेथे संपत नाही. फेब्रुवारी १९४६ मध्ये हे जहाज मार्शल बेटांतील बिकिनी येथे गेले आणि लगूनमध्ये मोठी जहाजे येण्यासाठी प्रवाळात सुरुंग लावून वाटा मोकळ्या करू लागले. बेटावर १६७ माणसे राहत होती. हे काम कशासाठी चालले आहे, ते त्यांना सांगितलेले नव्हते. काही दिवसांनी सांगण्यात आले की, येथे अणुबाँबच्या चाचण्या व्हायच्या आहेत. मार्चमध्ये त्यांना राँगेरिक बेटावर हलवले, जुलैत पहिले दोन स्फोट झाले. पुढे काही कुटुंबे परतली, पण अन्नपाण्यातील किरणोत्सारामुळे १९७८ मध्ये त्यांनाही पुन्हा हलवावे लागले.

तारावाला जे मोजमाप वेळेवर नव्हते म्हणून माणसे मेली, तसलेच अचूक मोजमाप बिकिनीला माणसांच्या मुळावर आले. खोली मोजण्याची पद्धत दोन्हीकडे एकच होती. विद्यार्थ्यांना भरती-ओहोटी शिकवताना चंद्राच्या अंतराचे गणित जसे द्यावे, तसा हा प्रश्नही त्यांच्यापुढे जरूर ठेवावा : नकाशा तयार करताना तेथे राहणाऱ्यांना कोणी विचारले होते का?