आधी पाय दाखवा

डोळखांबच्या आसपासच्या पाड्यांवर नर्स म्हणून फिरताना मी आधी माणसाचे पाय बघते. नडगीच्या हाडावर अंगठा काही सेकंद दाबून धरायचा. उचलल्यावर खळगा तसाच राहिला तर सूज आहे. सकाळी डोळ्यांखाली फुगतं का, लघवी फेसाळते का, कमी होते का, रात्री किती वेळा उठावं लागतं? बायका लाजतात, पण सांगतात. मग रक्तदाब, वजन आणि लघवीत पट्टी बुडवून प्रथिनांची तपासणी.

हे सगळं मूत्रपिंडं नीट चालतात का ते कळावं म्हणून. दोन्ही मूत्रपिंडं दिवसाला सुमारे 180 लिटर द्रव गाळतात. लघवी होते जेमतेम दीड-दोन लिटर, बाकीचं शरीर परत घेतं. त्यांचं निम्मं काम थंडावेपर्यंत रक्तातलं क्रिएटिनिन (मूत्रपिंडं बाहेर टाकतात तो टाकाऊ पदार्थ) बऱ्याचदा वाढलेलं दिसतच नाही. म्हणून एकट्या त्या आकड्यावर मी विसंबत नाही.

खरी काळजी वाटते ती वीटभट्टीवर जाणाऱ्यांची. दिवसभर ऊन, घाम, पाणी कमी आणि अंग दुखलं की दुकानातून आणलेली डायक्लोफिनॅकची गोळी. पाणी आटलेल्या शरीरात ही गोळी मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा आणखी घटवते. ती डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका, आणि मधुमेह किंवा रक्तदाब असेल तर वर्षातून एकदा तरी लघवी आणि क्रिएटिनिन दोन्ही तपासून घ्या.