जुना ट्रॅक्टर ठेवायचा की काढायचा? सहा दशकांचा मागोवा

नंदुरबार जिल्ह्यातल्या धानोऱ्यासारख्या गावात जुन्या ट्रॅक्टरचा प्रश्न ऐरणीवर येतो तो मे-जूनमध्ये. कापसाची लागवड तोंडावर असते, वाफसा हातचा जाण्याआधी पाळी व्हायला हवी असते, आणि नेमका तेव्हाच कितीही सेल्फ मारला तरी ट्रॅक्टर चालू होत नाही. घरातले थोरले म्हणतात, ‘इंजिनचं काम काढू, अजून चार वर्षं जाईल.’ धाकटे म्हणतात, ‘किती दिवस यात पैसे घालायचे? देऊन टाकू आणि नवा घेऊ.’ दोघांचंही पटतं, कारण दोघंही आपापल्या काळाच्या अनुभवातून बोलत असतात. गेल्या सहा दशकांत या एकाच प्रश्नाचं उत्तर पुन्हा पुन्हा बदललं आहे. ते का बदललं, हे नीट पाहिलं तर आजचं उत्तर काढणं सोपं जातं.

मिळाला तोच टिकवायचा

स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दशकात ट्रॅक्टर हे प्रामुख्याने सरकारी कामाचं यंत्र होतं. १९४९ मध्ये जागतिक बँकेने भारताला शेतीयंत्रांसाठी एक कोटी डॉलरचं कर्ज दिलं. मध्य भारतात कांस गवताने व्यापलेल्या जमिनी ट्रॅक्टरने खोल नांगरून लागवडीखाली आणायच्या, हा त्यामागचा हेतू होता. भारतात बनलेला पहिला ट्रॅक्टर २४ एप्रिल १९५९ रोजी फरीदाबादच्या आयशर कारखान्यातून बाहेर पडला. पुढच्या पाच-सहा वर्षांत मद्रासला टॅफेने मॅसी फर्ग्युसनशी, महिंद्राने इंटरनॅशनल हार्वेस्टरशी आणि एस्कॉर्ट्सने पोलंडच्या उर्सुसशी करार केले. बडोद्याजवळ विश्वामित्रीला झेकोस्लोव्हाकियाच्या झेटर तंत्रावरचा ‘हिंदुस्तान’ ट्रॅक्टर बनू लागला. १९६५ मध्ये महाराष्ट्र कृषी उद्योग विकास महामंडळ उभं राहिलं.

तरीही मागणीच्या मानाने उत्पादन अपुरं होतं. ट्रॅक्टरसाठी नंबर लावून वाट पाहावी लागे. ज्याच्या दारात ट्रॅक्टर आला, त्याच्यापुढे ‘बदलायचा का’ हा प्रश्नच नव्हता. तो चालता ठेवणं एवढंच हातात होतं. १९७२ च्या दुष्काळात राज्यभर चाऱ्याअभावी बैल विकावे लागले, कित्येक दगावले. वैरण न लागणाऱ्या या यंत्राचं महत्त्व तेव्हा आणखी वाढलं. शेतही मोठं होतं. १९७०-७१ च्या कृषी गणनेनुसार महाराष्ट्रात सरासरी वहिवाट ४.२८ हेक्टर होती. ट्रॅक्टर थोडे आणि काम भरपूर, अशा काळात दुरुस्ती हाच एकमेव मार्ग होता, आणि तो परवडतही होता.

मिस्तरींचा काळ

एचएमटीने १९७१ मध्ये पिंजोरला झेटर तंत्रावरचे ट्रॅक्टर काढायला सुरुवात केली. १९७४ मध्ये पंजाब ट्रॅक्टर्सचा ‘स्वराज’ आला. दुर्गापूरच्या केंद्रीय यांत्रिक अभियांत्रिकी संशोधन संस्थेत घडलेलं ते देशी तंत्र होतं. महिंद्रा बी-२७५, मॅसी १०३५, हवेवर थंड होणारी आयशर, एचएमटी २५११ अशी नावं गावोगावच्या शेतकऱ्यांच्या तोंडी बसली.

त्या ट्रॅक्टरांचा एक गुण आज विसरला जातो. ते गावाजवळ खोलता येत. त्यांतल्या बहुतेकांच्या इंजिनाचे लायनर वेगळे काढता येत. झिजले की जुना संच काढून नवे लायनर, पिस्टन आणि रिंगा बसवायच्या. सगळा ब्लॉक बदलावा लागत नसे. क्रँक लेथवर घासून घ्यायचा आणि त्या मापाचे बेअरिंग टाकायचे. डिझेल पंप आणि नोझल तेवढे तपासणीसाठी शहरात न्यावे लागत. बाकी बरंचसं काम झाडाखाली, चेन-पुलीच्या आधाराने होई. हाफ इंजिन आणि फुल इंजिन हे शब्द तेव्हापासून शेतकऱ्यांच्या रोजच्या बोलण्यात आले.

दुसरा गुण मॉडेल टिकण्याचा. २७५ आणि १०३५ हे आकडे आजही नव्या ट्रॅक्टरच्या बॉनेटवर दिसतात. एखादं मॉडेल दशकानुदशकं बनत राहिलं की त्याचे सुटे भाग तालुक्याच्या दुकानात मिळतात आणि त्याचं काम जाणणारे हातही तयार होतात. एचएमटीच्या मालकांना याची दुसरी बाजू दिसली. केंद्र सरकारने २०१६ मध्ये पिंजोरचा ट्रॅक्टर विभाग बंद करण्याचा निर्णय घेतला आणि चांगलं चालणाऱ्या यंत्राच्याही सुट्या भागांची चिंता सुरू झाली. ट्रॅक्टर किती जुना आहे यापेक्षा त्याच्या मागे कोण उभं आहे, हे जास्त महत्त्वाचं ठरतं.

हप्त्यांचा काळ

१ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून नंदुरबार जिल्हा वेगळा झाला. त्याच सुमारास ट्रॅक्टरचा बाजार पालटत होता. पुण्याजवळ सणसवाडीला जॉन डिअरचा कारखाना उभा राहिला, पंजाबातून सोनालिका आली, पुढे पंजाब ट्रॅक्टर्स महिंद्रात विलीन झाली. २००२ मध्ये बीटी कापसाला परवानगी मिळाली. ज्या पट्ट्यात कापूस, मिरची, तूर आणि ज्वारी हीच पिकं, तिथे कापसाचा पैसा आला की पहिला विचार यंत्राचाच होणार. रोटाव्हेटर आला आणि पंचवीस-तीस एचपीचा जुना ट्रॅक्टर त्याच्यापुढे अपुरा वाटू लागला. हळूहळू ४१ ते ५० एचपीचा गट देशात सर्वाधिक खपाचा झाला.

पूर्वी हा निर्णय गॅरेजमध्ये होत असे. आता तो शोरूममध्ये होऊ लागला. जुना जमा करा, थोडे पैसे भरा, उरलेल्याचे हप्ते पाडून देतो, असं म्हटल्यावर इंजिनचं काम काढायचा कंटाळा कुणालाही येणारच. पण याच काळात जमीन वाटण्यांमध्ये लहान होत गेली. २०१५-१६ च्या कृषी गणनेत राज्यातली सरासरी वहिवाट १.३४ हेक्टरवर, म्हणजे जेमतेम सव्वातीन एकरांवर आली. ट्रॅक्टरच्या कर्जासाठी बँका एकेकाळी बारमाही ओलिताची आठ एकर जमीन आणि वर्षाला १,००० तास काम ही कसोटी लावत. त्या कसोटीमागचं गणित चुकीचं नव्हतं. एचपी वाढत गेली, एकर घटत गेले, आणि अनेक घरांमध्ये ट्रॅक्टर पिकापेक्षा हप्त्यासाठी राबू लागला. याचं मला मनापासून वाईट वाटतं.

तासांचा हिशेब

म्हणून माझं म्हणणं असं की निर्णयाची सुरुवात ट्रॅक्टरपासून न करता वर्षभराच्या तासांपासून करावी. एक उदाहरण मांडू. यातले आकडे समजुतीसाठी धरलेले आहेत, प्रत्येकाने आपले घालून पाहावेत.

नवा ट्रॅक्टर आठ लाखांचा धरू. ट्रॅक्टरचं आयुष्य ढोबळमानाने दहा वर्षं किंवा १०,००० तास मानतात. दहा वर्षांनी त्याचे ८० हजार येतील असं समजू. मग घसारा वर्षाला ७२ हजार. सरासरी गुंतलेल्या ४ लाख ४० हजारांवर दहा टक्क्यांनी व्याज ४४ हजार. डिझेलचा थेंब टाकण्याआधीच वर्षाचा खर्च १ लाख १६ हजार. घरचं आणि भाड्याचं मिळून १,००० तास काम असेल तर तासाला ११६ रुपये पडले. काम फक्त ३०० तासांचं असेल तर तोच तास ३८७ रुपयांना पडतो.

आता जुना. इंजिन, क्लच आणि पंप मिळून १ लाख २० हजार खर्च आला आणि त्यावर १,२०० तास निघाले असं धरू, म्हणजे तासाला १००. वरच्या किरकोळ दुरुस्तीला दर ३०० तासांमागे २५ हजार, म्हणजे तासाला ८३. एकूण १८३ रुपये. जो वर्षाला ३०० तास चालवतो त्याला जुना निम्म्याहून कमी खर्चात पडतो. जो १,००० तास चालवतो त्याच्यासाठी नवाच स्वस्त. या आकड्यांवर दोन्ही बाजू साधारण ६३० तासांना बरोबरीत येतात. थोरले आणि धाकटे दोघंही बरोबर असू शकतात ते याचमुळे. फक्त दोघांच्या शेतात तास सारखे नसतात.

भरवशाची किंमत

या हिशेबात एक गोष्ट आली नाही, ती म्हणजे ऐन वेळी दगा. जानेवारीत आठवडाभर उभा राहिलेला ट्रॅक्टर आणि पेरणीत दोन दिवस उभा राहिलेला ट्रॅक्टर यांचं नुकसान सारखं नसतं. पण त्यालाही मोजमाप आहे. त्या चार-पाच दिवसांत शेजाऱ्याचा किंवा अवजारे बँकेचा ट्रॅक्टर भाड्याने आणला तर किती द्यावे लागतील? तो आकडा नव्याच्या एका वर्षाच्या खर्चाशेजारी लिहून पाहावा. मात्र पेरणीच्या दिवसांत पंचक्रोशीत एकही ट्रॅक्टर मोकळा मिळत नसेल, तर भरवशाची किंमत फार मोठी होते आणि बदलण्याकडे पारडं झुकतं.

दगा कुठून होतो हेही तपासायला हवं. सैल किंवा गंजलेलं बॅटरी टर्मिनल, सेल्फचे झिजलेले कार्बन, डिझेलच्या पाइपातून हवा धरणं, तुंबलेला फिल्टर, चोंदलेला एअर क्लीनर, धुळीने भरलेली रेडिएटरची जाळी. ट्रॅक्टर ‘म्हातारा झाला’ असं ठरवण्याआधी हे सगळं पाहिलं जावं. यांतली कामं तुलनेने थोडक्यात होतात. ब्रीदरमधून सतत धूर येणं, ऑइल खाणं, चढाला ओढ न लागणं ही इंजिन झिजल्याची खूण. तो खर्च मोठा असला तरी त्याचा अंदाज आधी बांधता येतो. गिअर बॉक्सचं किंवा मागच्या एक्सलचं हाउसिंग तडकलं, हायड्रॉलिक आणि गिअर दोन्ही एकाच वेळी गेले, किंवा त्या मॉडेलचे भागच मिळेनासे झाले, तर मात्र मोह आवरावा. अशा वेळी केलेली दुरुस्ती पुढच्या दुरुस्तीला आमंत्रण देते.

आजच्या बदललेल्या गोष्टी

पंधरा वर्षं झाली की ट्रॅक्टर भंगारात जाणार, ही भीती खरी नाही. शेतीच्या ट्रॅक्टरची नोंदणी आधी पंधरा वर्षांची असते आणि पुढे पाच-पाच वर्षांनी तिचं नूतनीकरण करता येतं, असं केंद्र सरकारने स्पष्ट केलं आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला. पण त्याच दिवशी ट्रॅक्टरच्या टायरांवरचा आणि भागांवरचा करही १८ वरून ५ टक्क्यांवर आला, म्हणजे दुरुस्तीही स्वस्त झाली. महाडीबीटीवरून आदिवासी, अनुसूचित जाती, अल्पभूधारक आणि महिला शेतकऱ्यांना सव्वा लाखापर्यंत अनुदान मिळू शकतं. नंदुरबारसारख्या आदिवासीबहुल जिल्ह्यात हा मोठा आधार आहे. मात्र पूर्वसंमती हातात येण्याआधी खरेदी करू नये.

५० एचपीच्या वरच्या नव्या ट्रॅक्टरना १ जानेवारी २०२३ पासून प्रदूषणाचे ‘ट्रेम ४’ निकष लागू झाले. त्यांच्या इंजिनात इलेक्ट्रॉनिक्स आलं आहे, त्यामुळे दोष शोधायलाच संगणक लागतो. अमेरिकेत हे आधीच घडलं. तिथे संगणकाविना चालणाऱ्या चाळीस वर्षांपूर्वीच्या ट्रॅक्टरना लिलावात मोठी मागणी आली, आणि कोलोरॅडो राज्याने २०२३ मध्ये शेतकऱ्याला स्वतःचं यंत्र दुरुस्त करण्याचा हक्क देणारा कायदा केला. आपल्याकडे २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली तेव्हा तिच्या क्षेत्रांत शेतीअवजारांचा समावेश होता. हा विषय आपल्या शेतकरी संघटनांनी लावून धरला पाहिजे. नवा घेताना एचपीइतकीच चौकशी आपल्या तालुक्यात तो कोण खोलू शकतो याची व्हावी.

सहा दशकांत प्रत्येक वेळी उत्तर बदललं ते भोवतीच्या गोष्टी बदलल्याने: कधी ट्रॅक्टर दुर्मिळ होते, कधी मिस्तरी मुबलक होते, कधी कर्ज सोपं झालं. आज जमीन लहान आहे. म्हणून धानोऱ्यातल्या बहुतेक घरांसाठी, भाग मिळत असतील आणि कामाचे तास कमी असतील तर, जुना नीट करून वापरणं हेच शहाणपणाचं आहे असं मला वाटतं. फक्त ते काम जूनमध्ये अडल्यावर करण्यापेक्षा कापूस निघाल्यावर, हातात वेळ असताना करावं. तास आणि खर्च लिहिण्यासाठी एक वही ठेवावी. आयटीआयमध्ये ट्रॅक्टर मेकॅनिकचा अभ्यासक्रम आहे. गावातली दोन मुलं तो शिकून परतली तर त्यांच्या हातचं काम कुठल्याही सवलतीपेक्षा जास्त काळ गावाला पुरेल, आणि ट्रॅक्टर ठेवायचा की काढायचा हे ठरवताना शेतकऱ्यावर कुणाची घाई राहणार नाही.