'मेक अप' : एक क्रियापद, अर्थ अनेक

इंग्रजीच्या पेपरात 'अधोरेखित शब्दाऐवजी समानार्थी शब्द वापरून वाक्य पुन्हा लिहा' असा प्रश्न असतो. तयारी म्हणून मुलं गाईडमधली यादी पाठ करतात : मेक अप म्हणजे इन्व्हेंट, कन्स्टिट्यूट, रेकन्साइल, कम्पेन्सेट. यादीत चूक काहीच नाही. पण पेपरात 'शी मेड अप अ स्टोरी' आलं की एखादा हुशार मुलगा 'शी कन्स्टिट्यूटेड अ स्टोरी' लिहून मोकळा होतो. गुण जातो आणि घरी प्रश्न येतो, "पुस्तकात तर हाच अर्थ दिलाय, मग चुकलं कुठे?"

पालकांचा हा प्रश्न रास्त आहे. चुकलं ते असं, की त्याने समानार्थी शब्द क्रियापदाचा शोधला. शोधायचा असतो तो त्या वाक्यातल्या अर्थाचा.

क्रियापदाला अप, ऑफ, आउट असा छोटा शब्द जोडून जे नवं क्रियापद तयार होतं त्याला फ्रेझल व्हर्ब म्हणतात. सॅम्युअल जॉन्सनने १७५५ साली आपला इंग्रजी शब्दकोश काढला, तेव्हा प्रस्तावनेतच त्याने लिहून ठेवलं होतं की परक्यांना इंग्रजीत सगळ्यात जड जातं ते हेच प्रकरण. तेव्हा आपल्या मुलांना अवघड वाटलं तर त्यात नवल नाही.

मात्र मराठी मुलाला ही गोष्ट अनोळखीही नाही. आपलं 'काढणे' घ्या. फोटो काढला, कर्ज काढलं, दिवस काढले, समजूत काढली, आठवण काढली. पाच ठिकाणी पाच अर्थ, आणि कुठल्याही मुलाने ते पाठ केलेले नाहीत. 'काढणे म्हणजे बाहेर आणणे' एवढंच धरून कोणी 'बाबांनी बँकेतून कर्ज बाहेर आणलं' म्हणालं तर वर्ग हसेल. 'शी कन्स्टिट्यूटेड अ स्टोरी' इंग्रजी कानाला तसंच लागतं. माझा अनुभव असा, की हे उदाहरण आधी दिलं की पुढचं अर्धं काम होतं.

आता 'अप'कडे वळू. अप म्हणजे वर, हे पहिलीपासून शिकवलेलं. पण 'ईट अप', 'ड्रिंक अप', 'यूज अप', 'टिअर अप' यांत वर काय जातं? काहीच नाही. तिथे 'अप' काम पुरं झाल्याचं सांगतो. मराठीत हेच काम 'टाकणे' करतं : खाऊन टाक, पिऊन टाक, वापरून टाकलं, फाडून टाकलं. (इथे टाकण्याची क्रिया तरी कुठे असते!) 'लुक अप', 'गेट अप' यांना हा नियम लागत नाही, हे मुलांना आधीच सांगून ठेवावं, नाहीतर ती लगेच आपल्याला अडवतात.

'मेक अप'मध्ये हा पुरं करण्याचा धागा बराच उपयोगी पडतो. अनेक तुकडे जोडून एक वस्तू पुरी केली, कमी होतं ते भरून पुरं केलं, तुटलेलं नातं पुन्हा जोडलं. शब्दाचा इतिहास म्हणून नव्हे, लक्षात ठेवायची सोय म्हणून हे सांगा.

मग वाक्यं घ्या आणि दर वेळी एकच विचारा : काय मेक अप केलं?

स्टोरी, एक्सक्यूज, नेम असं काही असेल तर अर्थ 'मनाने रचणे'. समानार्थी शब्द इन्व्हेंट, फॅब्रिकेट, कॉन्कॉक्ट. पण हे तीन एका वजनाचे नाहीत. आजी झोपताना नातवाला मनाची गोष्ट सांगते, तेव्हा ती गोष्ट 'इन्व्हेंट' करते. आजीला 'फॅब्रिकेट' लावलं तर तो आरोप झाला, कारण त्यात बनाव रचल्याचा वास आहे. 'कॉन्कॉक्ट'मध्येही थापेबाजी आहेच. गृहपाठ न केल्याच्या सबबीला तो छान शोभतो.

दुसरा अर्थ 'मिळून बनणे'. 'थर्टी-सिक्स डिस्ट्रिक्ट्स मेक अप महाराष्ट्र.' इथे फॉर्म, कम्पोज, कन्स्टिट्यूट चालतात. दिशा मात्र सांभाळायची. तुकडे आधी, संपूर्ण वस्तू नंतर. उलट सांगायचं तर 'महाराष्ट्र इज मेड अप ऑफ थर्टी-सिक्स डिस्ट्रिक्ट्स', आणि त्याचा समानार्थी 'कन्सिस्ट्स ऑफ'. 'इज कन्सिस्टेड ऑफ' असं इंग्रजीत नसतं. ही चूक मुलांच्याच काय, छापील प्रश्नसंचांतही दिसते.

तिसरा अर्थ भरपाईचा, आणि इथे बारकाईने पाहायला हवं. पाचशे रुपये हवेत, चारशे जमले, उरलेले शंभर मामाने घातले : 'अंकल मेड अप द डिफरन्स.' तूट थेट भरली, म्हणून 'फॉर' नाही. पण नुकसान झालं आणि त्याच्या बदल्यात दुसरं काही दिलं, तर 'मेक अप फॉर' : 'हिज हार्ड वर्क मेड अप फॉर हिज पुअर स्टार्ट.' इथे 'कम्पेन्सेटेड फॉर' बसतो, तोही 'फॉर' सोबत घेऊन. वेळेच्या बाबतीत दोन्ही चालतात, 'मेक अप लॉस्ट टाइम' आणि 'मेक अप फॉर लॉस्ट टाइम'. अमेरिकेत बुडलेली परीक्षा नंतर देतात, तिला 'मेक-अप टेस्ट' म्हणतात. तिकडची नात फोनवर "उद्या माझी मेक-अप टेस्ट आहे" म्हणाली, तर आजीने पावडर-लिपस्टिक डोळ्यांपुढे आणू नये.

'मेक अप'पुढे कर्मच नसेल आणि वाक्यात दोन माणसं असतील, तर भांडण मिटलं असं समजा. 'दे क्वारल्ड, बट सून मेड अप.' कट्टी होती, बट्टी झाली. यादीतला 'रेकन्साइल' अर्थाने बरोबर, पण भारदस्त. पाचवीतल्या दोन मैत्रिणींसाठी 'बिकेम फ्रेंड्स अगेन' किती सरळ! परीक्षेत 'रेकन्साइल्ड' लिहू द्या, बोलताना नको.

'माइंड' आलं की निर्णय : 'आय हॅव मेड अप माय माइंड', म्हणजे मनाशी पक्कं केलं, डिसाइडेड. हा शब्द बसवताना 'माइंड' वाक्यातून जातं. 'आय हॅव डिसाइडेड माय माइंड' नको. अंथरूण घालण्यालाही 'मेक अप अ बेड' म्हणतात, ते जाता जाता सांगितलं तरी पुरे.

आणि चेहऱ्याचा मेकअप? तो नाटकवाल्यांचा. नट भूमिकेसाठी स्वतःला तयार करतो, त्यावरून आला. छापखान्यात मजकूर पानात बसवण्यालाही इंग्रजीत 'मेक अप' म्हणत. आपल्या वर्तमानपत्रांत त्याला 'पान लावणे' म्हणतात. नाम असेल तर जोर 'मेक'वर, क्रियापद असेल तर 'अप'वर. मोठ्याने वाचून घेतलं की मुलांना हा फरक लगेच ऐकू येतो.

व्याकरणाचं एकच जपायचं. 'शी मेड अप अ स्टोरी' चालतं, 'शी मेड अ स्टोरी अप' हेही चालतं. पण स्टोरीच्या जागी 'इट' आलं की ते मध्येच बसतं : 'शी मेड इट अप.' 'मेड अप इट' चूक. मात्र 'मेक अप फॉर' फुटत नाही, 'मेक अप फॉर इट' असंच राहतं.

घरी किंवा वर्गात करून घ्यायला एक वाक्य देतो : 'ही मेड अप हिज माइंड टू मेक अप विथ हिज ब्रदर अँड स्टॉप मेकिंग अप एक्सक्यूजेस.' तीन वेळा 'मेक अप', तिन्ही ठिकाणी वेगळा शब्द. मुलांना आधी मराठीत सांगू द्या, मगच इंग्रजी शब्द बसवायला लावा. यादी तेव्हा मिटलेली असू द्या.