केस रिपोर्ट : एका पेशंटची गोष्ट पुरावा कधी बनते?

पेट निघाली, कोर्सवर्क सुरू झालं, की रिसर्च मेथडॉलॉजीच्या तासाला फळ्यावर एक त्रिकोण काढला जातो. सगळ्यात वर सिस्टिमॅटिक रिव्ह्यू, त्याखाली रँडमाइज्ड ट्रायल, मग कोहॉर्ट, मग केस-कंट्रोल आणि अगदी तळाला केस रिपोर्ट. आपण तो त्रिकोण वहीत उतरवतो आणि मनात पक्कं करून टाकतो की केस रिपोर्ट म्हणजे हलकं काम.

दुसऱ्या बाजूला मेडिकल, आयुर्वेद, फार्मसी, नर्सिंगचे काही मित्र अगदी उलटं बोलतात. "पेशंट बरा झाला, आधीचे-नंतरचे फोटो आहेत, अजून काय पुरावा पाहिजे?"

माझ्या मते दोन्ही बाजू एकच गोष्ट विसरतात. केस रिपोर्टचं काम उत्तर देणं नाहीच. नीट प्रश्न उभा करणं, हे त्याचं काम आहे. हे समजून घ्यायला एक उदाहरण घेऊ. आपल्या जिल्ह्यात कुणालाच नवीन नसलेलं : विंचू.

विंचू उतरवणाऱ्याचा हिशेब

उन्हाळ्यात कडब्याची गंजी हलवताना, दगड उचलताना, अंधारात चपलेत पाय घालताना विंचू चावतो. पूर्वी गावोगाव विंचू उतरवणारा माणूस असायचा, काही ठिकाणी आजही आहे. तो म्हणतो, "माझ्याकडे आलेले शंभरातले नव्वद बरे होऊन गेले." आपण विज्ञानाची पोरं हसतो आणि म्हणतो, खोटं बोलतोय.

पण बघा, तो खोटं बोलत नसेल! विंचू चावलेल्या बहुतेक लोकांना फक्त चावल्या जागी भयंकर कळा येतात आणि काही तासांनी, एखाद्या दिवसाने त्या आपोआप उतरतात. म्हणजे मंत्र टाका, पाला चोळा, नाहीतर नुसतं बसून राहा, यातले बरेच जण बरे होणारच.

शाळेतला अपूर्णांक आठवा. वर अंश, खाली छेद. 'नव्वद बरे झाले' हा अंश. पण छेद कोणता? फक्त कळा असलेले किती? घाम फुटून हातपाय गार पडलेले किती? दवाखान्यात नेता नेता गेलेले मोजले का? आणि काहीच न केलेल्या लोकांत किती बरे झाले? या प्रश्नांची उत्तरं नसतील तर शंभर काय, हजार पेशंटच्या गोष्टीही काहीच सिद्ध करत नाहीत.

आता स्वतःला विचारा : डिग्री असलेल्या माणसाने असाच हिशेब इंग्रजीत, टेबल काढून छापला, तर तो वेगळा ठरतो का? नाही ठरत. फरक भाषेचा नसतो, नोंदीचा असतो.

बिरवाडीत काय वेगळं झालं?

डॉ. हिंमतराव बावस्कर मूळचे मराठवाड्यातलेच, जालना जिल्ह्यातले. १९७० च्या दशकात ते रायगड जिल्ह्यात महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात नोकरीला लागले. कोकणात लाल विंचू भरपूर. सुदृढ, तरणीताठी माणसं आणि लहान मुलं विंचू चावून दगावत होती.

तिथे मोठी लॅब नव्हती. होतं काय, तर पेशंट, रक्तदाबाचं यंत्र, स्टेथोस्कोप, घड्याळ आणि वही. पेशंटजवळ बसून तासातासाला काय बदलतंय ते त्यांनी टिपलं. त्यातून एक क्रम दिसायला लागला. ज्यांना पुढे जिवावर बेतायचं, त्यांना आधी उलटी व्हायची, अंगभर दरदरून घाम यायचा, हातपाय गार पडायचे आणि पुरुषांमध्ये लिंगाला ताठरता यायची. त्यानंतर रक्तदाब चढायचा, हृदयावर ताण यायचा आणि काहींच्या फुप्फुसात पाणी भरायचं. मृत्यू व्हायचा तो बहुतेक वेळा इथे.

हृदयावरच्या परिणामाची ही पूर्वसूचना देणारी लक्षणं १९८२ मध्ये 'लॅन्सेट' या जगप्रसिद्ध नियतकालिकात छापून आली. नीट लक्ष द्या, या टप्प्यावर 'मला औषध सापडलं' असा दावाच नाही. विंचू चावलेल्यांत दोन वेगळे गट आहेत आणि ते लवकर ओळखता येतात, एवढंच म्हणणं आहे. म्हणजे विंचू उतरवणाऱ्याच्या हिशेबात नसलेला छेद इथे पहिल्यांदा नीट मांडला गेला.

नोंदीतून औषधापर्यंत

नोंदी नीट असल्या की पुढचा प्रश्न आपोआप विचारता येतो : हे असं का होतं?

लाल विंचवाचं विष मज्जातंतूंमधल्या सोडियम चॅनलवर काम करतं. चॅनल उघडल्यावर वेळेत बंद होत नाही, त्यामुळे मज्जातंतू पुन्हापुन्हा उत्तेजित होतात आणि अॅड्रेनॅलिन, नॉरअॅड्रेनॅलिन यांचा शरीरात पूर येतो. ही रसायनं रक्तवाहिन्यांवरच्या अल्फा रिसेप्टरना चेतवतात, रक्तवाहिन्या आवळतात. हातपाय गार का पडतात, रक्तदाब का चढतो, हृदय का थकतं, हे सगळं या एका धाग्यात बसतं.

मग या अल्फा रिसेप्टरलाच अडवलं तर? प्राझोसिन नावाची गोळी तेच करते. ती रक्तदाबासाठी आधीपासून बाजारात होती. त्याआधी गंभीर पेशंटना सोडियम नायट्रोप्रुसाइड देऊन पाहिलं होतं. पण ते सलाइनमधून, सतत रक्तदाब बघत द्यावं लागतं. खेड्यातल्या दवाखान्यात हे अवघड. गोळी मात्र कुठेही देता येते. प्राझोसिनचा अनुभव १९८६ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाला. पूर्वी फुप्फुसात पाणी होऊन शंभरातले २५ ते ३० पेशंट दगावत, प्राझोसिन आल्यावर हे प्रमाण खूपच खाली आलं, असं बावस्करांच्या लेखांतून दिसतं. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

इथे आपण टाळ्या वाजवून थांबतो. पण रिसर्च करणाऱ्याने इथेच थोडं आडवं लागायला पाहिजे.

'आधी इतके मरायचे, नंतर इतके' ही तुलना दोन वेगळ्या काळांतल्या लोकांची आहे. मधल्या काळात रस्ते झाले असतील, लोक दवाखान्यात लवकर येऊ लागले असतील, डॉक्टरांचा हात बसला असेल, घातक ठरणारी जुनी औषधं बंद झाली असतील. यातलं श्रेय गोळीचं किती आणि बाकीचं किती? केस सिरीज कितीही मोठी असली तरी हे वेगळं करून दाखवू शकत नाही. त्यासाठी एकाच काळातले, एकसारखे आजारी असलेले दोन गट लागतात.

दोन ट्रायल, दोन निकाल

पुढे लाल विंचवाच्या विषावरची लस, म्हणजे अँटिव्हेनम, उपलब्ध झाली. लस आणि प्राझोसिन एकत्र दिलं तर नुसत्या प्राझोसिनपेक्षा फायदा होतो का? हे बघण्यासाठी बावस्कर दांपत्याने महाडमध्ये ट्रायल केली. ती २०११ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये आली. पेशंट फक्त ७०. चिठ्ठी टाकल्यासारखी यादृच्छिक विभागणी, प्रत्येक गटात ३५. दहा तासांनी लक्षणं पूर्ण गेलेले पेशंट : लस आणि प्राझोसिनच्या गटात ३२, नुसत्या प्राझोसिनच्या गटात ८.

यातून तीन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. एक, दोन्ही गटांना प्राझोसिन दिलं होतं, कारण उपयोगी दिसलेलं औषध पेशंटला नाकारणं योग्य नाही. दोन, कोणाला काय दिलं हे डॉक्टर आणि पेशंट दोघांनाही माहीत होतं. याला ओपन लेबल म्हणतात, आणि ही मर्यादा लेखाच्या शीर्षकातच सांगून टाकलेली आहे. तीन, पेशंट निवडताना सरसकट विंचू चावलेले घेतले नाहीत. शरीरभर परिणाम दिसणारेच घेतले.

हा तिसरा मुद्दा किती महत्त्वाचा आहे, हे ट्युनिशियाच्या उदाहरणावरून कळतं. तिथे ८२५ पेशंटची मोठी ट्रायल झाली, १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आली. विंचू चावलेल्या सगळ्यांना सरसकट लस देण्याचा फायदा त्यांना दिसला नाही. तिथला विंचू वेगळा, लस वेगळी, हे खरंच. पण आणखी एक गोष्ट आहे. त्यांच्याकडे आलेल्या बहुतेकांचा त्रास सौम्य होता. जे तसेही बरे होणार, त्यांच्यात औषधाचा फरक दिसणार कसा?

म्हणजे ८२५ पेशंट घेऊनही 'सरसकट द्यावी का' याच प्रश्नाचं उत्तर मिळतं आणि ७० पेशंटमध्ये 'गंभीर पेशंटला द्यावी का' याचं मिळू शकतं. आकडा मोठा म्हणून अभ्यास मोठा, असं नसतं. आणि गंभीर कोण, हे ओळखायला कुणी शिकवलं? तळातल्या त्या नोंदींनी. त्रिकोणाचा तळ हलका नसतो, वरचं सगळं त्याच्यावरच उभं असतं.

बाहेरच्या जगातही हेच

५ जून १९८१ ला अमेरिकेत एका साप्ताहिक आरोग्य पत्रिकेत लॉस एंजेलिसच्या पाच तरुणांच्या दुर्मीळ न्यूमोनियाची छोटी नोंद आली. एड्सची ती पहिली छापील खूण. पाच पेशंटवरून कारण सिद्ध झालं नाही, पण जग शोधायला लागलं.

दक्षिण कोरियात २०१५ मध्ये मर्सची साथ आली. मध्यपूर्वेतून परतलेल्या एका पेशंटपासून सुरुवात झाली. १८६ जणांना लागण, ३८ मृत्यू. कोण कोणत्या दिवशी, कोणत्या वॉर्डात, कोणाच्या जवळ होतं, हे पेशंटवार जुळवल्यावर दिसलं की साथ मुख्यतः दवाखान्यांतच पसरते आहे. तिथेही चित्र उलगडलं ते तारीख-वार लिहिलेल्या नोंदींमुळे.

त्याच कोरियात आपल्या आयुर्वेदासारखी पारंपरिक वैद्यकाची वेगळी शाखा आहे, आणि तिथे केस रिपोर्ट बरेच छापले जातात. अडचण मात्र आपल्यासारखीच. एकाच पेशंटला काढे, सुया आणि हाताने करायचे उपचार एकत्र दिलेले असतात. पेशंटला बरं वाटलं, पण कशामुळे? धाराशिवच्या शासकीय आयुर्वेद महाविद्यालयात किंवा इतर कुठेही केस लिहिणाऱ्या मित्रांनी हा प्रश्न स्वतःच आधी विचारावा. रिव्ह्यूअर विचारणारच आहे.

आणि धोकाही लक्षात ठेवा. १९९८ मध्ये इंग्लंडमधून १२ मुलांवर आधारित एक लेख आला, त्यात एमएमआर लस आणि ऑटिझम यांचा संबंध सुचवला होता. तो लेख २०१० मध्ये मागे घेतला गेला. पण मधल्या काळात कितीतरी पालकांनी लस टाळली. बारा गोष्टींवर उत्तर उभं केलं की असं होतं.

लिहायला बसाल तेव्हा

केस रिपोर्ट कसा लिहावा यासाठी २०१३ पासून 'केअर' नावाची १३ मुद्द्यांची यादी आहे. ती वाचाच. मी फक्त चुकतात त्या जागा सांगतो.

१. वेळेचा तक्ता आधी करा. कधी काय झालं, कधी काय दिलं, कधी काय बदललं. उपचाराच्या आधीच सुधारणा सुरू झाली असेल तर तक्ता ते लगेच दाखवतो.

२. हा आजार आपोआप किती वेळा बरा होतो, ते लिहा. हाच तुमचा छेद.

३. केस सिरीज असेल तर त्या काळात आलेले सगळे पेशंट मोजा. न सुधारलेले, मध्येच सोडून गेलेले, दुसऱ्या गावी पाठवलेले, सगळे.

४. शेवटच्या परिच्छेदात 'सिद्ध झाले' लिहू नका. 'यावर असा अभ्यास व्हावा' असं लिहा, आणि अभ्यास कसा हे सांगा.

५. पेशंटची लेखी संमती घ्या, त्याला समजेल अशा मराठीत. नाव गाळलं म्हणजे ओळख गेली असं नाही. 'भूम तालुक्यातल्या अमुक गावचा ६२ वर्षांचा अमुक काम करणारा' एवढं लिहिलं की अख्खं गाव ओळखतं. गाव, नेमकी तारीख, व्यवसाय यांतलं जे गरजेचं नाही ते काढा. विंचूदंशाच्या लक्षणांत तर लाजेच्या गोष्टीही येतात, विचार करा.

६. पैसे घेऊन आठ दिवसांत छापून देणाऱ्या जर्नलचा ईमेल आला की तो उडवा. तुमच्या यादीत एक पेपर वाढेल, पण त्या पेशंटची गोष्ट कुणीच गांभीर्याने वाचणार नाही.

आणि हो, हा लेख संशोधन समजून घेण्यासाठी आहे, उपचारासाठी नाही. विंचू चावल्यावर घाम, उलटी, गार हातपाय दिसले, तर गोळी शोधत बसू नका. सरळ दवाखाना गाठा. प्राझोसिननेही रक्तदाब एकदम घसरू शकतो, ते डॉक्टरांच्या नजरेखालीच घ्यायचं असतं.

पुढच्या वेळी केस रिपोर्ट वाचताना पेन्सिल घ्या आणि समासात दोनच प्रश्न लिहा : छेद कुठे आहे? आणि यातून पुढचा अभ्यास कोणता निघतो? दोन्हींची उत्तरं सापडली तर तो रिपोर्ट जपून ठेवा. तुमच्या थिसिसचा विषय तिथेच असू शकतो.