गाडीला पॉलिश हाताने की मशीनने? गॅरेजवाल्याला ‘हो’ म्हणण्याआधी हे वाचा

सकाळचे साडेसहा. डिलाईल रोडच्या एखाद्या गल्लीत कडेला लागलेल्या गाड्यांवर फडकं फिरायला सुरुवात झालेली असते. एक बादली, एक फडकं आणि दहा-बारा गाड्या. पहिल्या गाडीच्या वाट्याला स्वच्छ पाणी येतं, शेवटच्या गाडीच्या वाट्याला येतं ते कटिंग चहाच्या रंगाचं. गाडी धुणाऱ्याचा तरी काय दोष? नळाला पाणी ठरलेल्या वेळेत येतं, त्यात बादल्या किती भरणार?

असं वर्षभर चालतं. मग दसरा जवळ येतो, मालक उन्हात गाडीकडे बघतो आणि बॉनेटवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या गोल गोल बारीक रेषा दिसतात. गाडी गॅरेजला जाते. तिथे प्रश्न येतो, ‘साहेब, रबिंग हाताने करू की मशीन मारू?’

बहुतेक जण दोन्हीचे भाव विचारतात आणि खिशाकडे बघून उत्तर देतात. पण या प्रश्नात पैशांपेक्षा मोठी एक गोष्ट अडकलेली आहे. ती म्हणजे गाडीच्या रंगावरचा पारदर्शक थर. तो कंपनीतून एकदाच मिळतो आणि प्रत्येक रबिंगमध्ये थोडा थोडा खर्च होतो.

आपण नक्की काय घासतो?

आजच्या गाडीचा रंग म्हणजे एक थर नसतो. पत्र्यावर आधी गंज रोखणारा थर, त्यावर प्रायमर, मग खरा रंग आणि सगळ्यात वर क्लिअरकोट. रंग दाखवायचं काम खालच्या थराचं, चमक आणि संरक्षण क्लिअरकोटचं. उन्हातल्या अतिनील किरणांना अडवणारी रसायनंही यातच असतात.

हे सगळे थर मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन जाडी होते. त्यात क्लिअरकोट असतो ३५ ते ५० मायक्रॉन. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड धरला, तर तुमच्या लाखो रुपयांच्या गाडीची चमक अर्ध्या-पाऊण केसाएवढ्या थरावर टिकून आहे.

उन्हात दिसणाऱ्या त्या गोल रेषा याच थरावरच्या असतात. खरं तर ओरखडे गोल नसतातच. ते सगळ्या दिशांना पडलेले असतात, पण उजेडाच्या बिंदूभोवती जे ओरखडे आडवे येतात तेच चमकतात, म्हणून जाळं गोल भासतं. काळ्या गाडीवर ते लगेच दिसतं, पांढऱ्या गाडीवर लपतं. पांढऱ्या गाडीला ओरखडे कमी पडतात असा मात्र याचा अर्थ नाही.

पॉलिश म्हणजे या रेषा ‘भरणं’ नव्हे. पॉलिशमध्ये अतिशय बारीक घासणारे कण असतात. ते रेषेच्या आजूबाजूचा क्लिअरकोट घासून खाली आणतात. रेषेच्या तळापर्यंत पृष्ठभाग सपाट झाला की रेषा नाहीशी होते. म्हणजे ओरखडा काढायचा तर त्याच्या शेजारचा चांगला थरही घालवावा लागतो. वॅक्सचं काम वेगळं. ते काही काढत नाही, वरून एक पातळ आवरण चढवतं, आणि ते काही आठवड्यांत किंवा महिन्यांत धुऊन जातं. गॅरेजमध्ये या दोन्हींना ‘पॉलिश’च म्हणतात आणि सगळा घोळ तिथूनच सुरू होतो.

हाताचं पॉलिश कुठे कमी पडतं

हाताने पॉलिश म्हणजे सुरक्षित, अशी एक समजूत आहे. ती अर्धीच खरी आहे. हाताने फारसा थर निघत नाही, आणि त्यामुळेच ओरखडेही फारसे निघत नाहीत. माणूस मिनिटाला फार तर शंभर-दोनशे वेळा हात फिरवेल, मशीन त्याच वेळात हजारो फेरे मारतं. शिवाय हाताचा दाब बोटांच्या टोकांवर येतो. चार बोटांचे चार पट्टे पडतात. सकाळी ताजा असलेला हात संध्याकाळी थकतो, म्हणून पहिला दरवाजा एक दिसतो आणि चौथा वेगळा.

मग हाताने रबिंग करून आणलेली गाडी चकाचक कशी दिसते? बहुतेक वेळा त्या पॉलिशमधल्या तेलामुळे आणि वॅक्समुळे. ते ओरखड्यांत जाऊन बसतं आणि रेषा झाकल्या जातात. दोन-चार वेळा गाडी धुतली की जाळं पुन्हा हजर.

तरी हाताची जागा आहेच. दरवाज्याच्या हँडलमागचा खळगा, जिथे नखांचे ओरखडे पडतात. आरशांच्या कडा, बॅजच्या आजूबाजूची जागा, बाईकची टाकी. आणि वॅक्स लावायचं असेल तर मशीनची काही गरज नाही, मऊ फोम आणि मायक्रोफायबरचं फडकं पुरतं. बाईकच्या टाकीवर हाताने ओढलेल्या रेषा असतील तर तिथे मशीन नकोच. मॅट रंगाच्या बाईकला तर पॉलिश हाताने नाही आणि मशीननेही नाही. मॅटचा खरखरीतपणा गेला की तिथे चमकता डाग पडतो, आणि तो पुन्हा मॅट करता येत नाही.

मशीन म्हणजे कोणतं मशीन?

‘मशीन मारू का’ या प्रश्नाला खरं उत्तर हा उलटा प्रश्न आहे, कारण मशीन दोन जातींची असतात आणि दोघांचा स्वभाव अगदी वेगळा.

रोटरी हे जुनं, ताकदवान मशीन. त्याचा बफ एकाच अक्षाभोवती गरगरा फिरतो. खोल ओरखडे झपाट्याने निघतात, पण सगळी उष्णता एका जागी साठते. हात जरा रेंगाळला की क्लिअरकोट भाजतो. प्लास्टिकचा बंपर उष्णता पसरू देत नाही, त्यामुळे तिथे धोका जास्त. पत्र्याच्या धारदार कडांवर रंग मुळातच पातळ बसलेला असतो, तिथे रोटरी दोन-तीन फेऱ्यांत थेट प्रायमरपर्यंत पोचू शकतं. शिवाय घाईत मारलेल्या रोटरीच्या मागे पिसाऱ्यासारखे लांब पट्टे राहतात, ज्यांना कारागीर होलोग्राम म्हणतात. ट्यूबलाइटखाली ते दिसत नाहीत. गाडी घरी आणून उन्हात लावली की दिसतात.

दुसरं म्हणजे ड्युअल अ‍ॅक्शन, बोलीभाषेत डीए. याचा बफ स्वतःभोवती फिरता फिरता छोट्या वर्तुळातही डोलतो. त्यामुळे उष्णता एका जागी साठत नाही, आणि होलोग्राम पडायची शक्यता फार कमी. यातल्या बहुतेक मशीनचा मोठा गुण म्हणजे जास्त दाबलं की बफचं फिरणं थांबतं. मशीन स्वतःच सांगतं की बाबा, जरा हलका हात ठेव. वेळ जास्त लागतो, पण चुकीला माफी आहे. रोटरीला माफी नाही.

अनुभवी कारागिराच्या हातात रोटरीही सोन्यासारखं काम करतं. प्रश्न फक्त इतकाच आहे की दसऱ्याच्या आदल्या दिवशी, बाहेर आठ गाड्यांची रांग असताना, तुमच्या गाडीवर कोणाचा हात असणार आहे.

पद्मिनीचा काळ वेगळा होता

जुने टॅक्सीवाले सांगतात की पूर्वी रबिंग केलं की फडक्यावर गाडीचा रंग यायचा. ते खोटं नाही. कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेल्या प्रीमियर पद्मिनीच्या काळात साध्या रंगांवर वेगळा क्लिअरकोट नसायचा. रंग आणि चमक एकाच थरात. उन्हाने वरचा भाग पांढुरका पडला की तो घासून काढायचा, खाली ताजा रंग मिळायचा. हाताने रबिंग करायची सवय त्या रंगावर घडली आणि तिथे ती बरोबरही होती.

जगभर क्लिअरकोट रुळला तो १९८० च्या दशकापासून. मुंबईत टॅक्सी म्हणून शेवटची पद्मिनी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेव आरटीओत नोंदली गेली आणि टॅक्सीची वीस वर्षांची मुदत संपल्यावर ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस तीही थांबली. पण दर दसऱ्याला गाडी घासून काढायची सवय मागे राहिली. आजच्या गाडीवर फडक्यावर रंग येऊ लागला तर ती धोक्याची खूण समजायची. क्लिअरकोट संपून तुम्ही खाली पोचलात, असा त्याचा अर्थ (गाडीवर नंतर साधा रंग मारलेला असेल तर गोष्ट वेगळी). क्लिअरकोट फार पातळ झाला की तो उन्हात टिकत नाही. छतावर आणि बॉनेटवर पापुद्रे सुटू लागतात. मग कुठलंही पॉलिश उपयोगाचं नाही, पत्रा नव्याने रंगवावा लागतो.

डिलाईल रोडची धूळ

ना. म. जोशी मार्ग हे अधिकृत नाव, तोंडात मात्र आजही डिलाईल रोडच. इथे लागणाऱ्या गाड्यांचं दुखणं थोडं खास आहे. एका अंगाला पश्चिम रेल्वेचं लोअर परळ, दुसऱ्या अंगाला मध्य रेल्वेचं करी रोड. चाकं, रूळ आणि ब्रेक यांच्या घर्षणातून लोखंडाचे सूक्ष्म कण उडतात, रंगावर बसतात आणि ओलाव्यात गंजतात. पांढऱ्या गाडीवर ते नारिंगी ठिपके होऊन दिसतात, आणि मालकाला वाटतं पत्रा सडला.

त्यात बांधकामांची भर. जुलै २०१८ मध्ये बंद झालेला डिलाईल पूल पूर्ण खुला व्हायला नोव्हेंबर २०२३ उजाडला. बीडीडी चाळींचा पुनर्विकास आणि गिरण्यांच्या जागी उभे राहिलेले टॉवर वेगळेच. बांधकामाच्या धुळीत वाळूचे कण असतात आणि वाळू क्लिअरकोटपेक्षा कितीतरी कठीण. त्या धुळीवर कोरडं फडकं फिरवणं म्हणजे पॉलिश पेपर फिरवण्याचाच सौम्य प्रकार. रोज सकाळी.

म्हणून हाताने की मशीनने हा प्रश्न इथे दुसरा येतो. पहिला प्रश्न, घासण्याआधी रंगावर बसलेलं निघालं का? धुतलेल्या, ओल्या बॉनेटवर हातात पातळ प्लास्टिकची पिशवी घालून अलगद बोटं फिरवा. खरखर लागली तर कण अजून रुतलेले आहेत. ते लोखंडाचे असतील तर आयर्न रिमूव्हर मारल्यावर जांभळे ओघळ येतात, उरलेले क्ले बारने उचलले जातात. हे न करता मशीन लावलं तर तेच कण बफमध्ये अडकून गाडीभर फिरतात.

मग निर्णय कसा घ्यायचा?

ओरखड्यावर नख आडवं फिरवा. नख अडकलं तर ओरखडा खोल आहे. तो पूर्ण काढायच्या नादात क्लिअरकोट संपेल, तेव्हा टचिंग करा किंवा त्याच्यासोबत जगा. नख अडकत नाही पण उन्हात जाळं दिसतं, अशा गाडीला डीए मशीन, तेही आधी सगळ्यात सौम्य पॉलिश आणि मऊ फोमच्या बफने. एका लहान चौकोनात करून बघायचं आणि तेवढ्याने भागलं तर कडक कंपाऊंडला हात लावायचा नाही. सौम्य पॉलिशमध्ये दोन-तीन मायक्रॉन जातात, कडक कंपाऊंडमध्ये त्याहून बरेच जास्त. आणि जाळंच नाही, गाडी फक्त निस्तेज वाटतेय? मग नीट धुऊन हाताने वॅक्स. बस्स.

गाडी सेकंडहँड असेल तर आधी रंगाची जाडी मोजून घ्या. पत्र्यावर टेकवायचं छोटं मीटर चांगल्या डिटेलिंगवाल्यांकडे असतं. १०० ते १५० आलं तर बहुधा कंपनीचा रंग, २०० च्या पुढे गेलं तर पुन्हा रंगवलेला, ५०० च्या आसपास आलं तर खाली पुट्टी आहे. आणि ७०-८० च आलं तर आधीच्या मालकाने दसरे जोरात साजरे केलेत, तिथे मशीन नको. साधं मीटर प्लास्टिकच्या बंपरवर चालत नाही, तिथला आकडा कोणी सांगितला तर दुसरं गॅरेज बघा.

काम झाल्यावर गाडी सावलीत ताब्यात घेऊ नका. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पाण्याच्या मिश्रणाने एक भाग पुसायला सांगा, म्हणजे तेल उतरेल. मग उन्हात किंवा मोबाइलच्या टॉर्चखाली बघा. ओरखडे गेलेत की फक्त झाकलेत, ते तिथेच कळतं.

जाता जाता सिरॅमिक कोटिंगबद्दल. जाहिरातीतला ‘नाइन एच’ हा आकडा पेन्सिलच्या कडकपणाच्या चाचणीतला आहे, हिऱ्याच्या मोजपट्टीतला नाही. कोटिंगचा थर एक-दोन मायक्रॉनचा असतो. त्याने गाडी धुणं सोपं होतं, पण वाळू आणि कोरडं फडकं त्यालाही ओरखडतं. आणि खालचं जाळं न काढता कोटिंग केलं तर ते जाळंच वर्ष-दोन वर्षं जपून ठेवलं जातं.

गाडी धुणाऱ्याला पगारासोबत एक जास्तीची बादली आणि चार मायक्रोफायबरची फडकी दिली, आणि धूळ आधी पाण्याने वाहू देऊन मग पुसायला सांगितलं, तर पुढचं रबिंग दोन-तीन वर्षं तरी लांबतं. जास्तीचं पाणी आलंच नाही, तर त्या दिवशी गाडी धुळकट राहिलेली बरी.

आणि दसऱ्याचा हार. झेंडूचे हार बऱ्याचदा तारेने बांधतात आणि गाडी लालबागपर्यंत जाऊन येईतो ती तार वाऱ्याने ताज्या पॉलिशवर खरवडत राहते. हार दोऱ्याने बांधून घ्या. हळद-कुंकू काचेवर लावा. बॉनेटवरच लावायचं असेल तर त्याच संध्याकाळी भरपूर पाण्याने धुऊन काढा, दुसऱ्या दिवशीचं ऊन लागलं की डाग धरतो.