हा विषय आमच्याकडे नाही!

एडिंबरोतल्या रॉयल माइल या जुन्या रस्त्याच्या उतारावर, होलीरूड राजवाड्याच्या समोर स्कॉटलंडची पार्लमेंट आहे. अधिवेशन चालू असेल तर गुरुवारी दुपारी बाराला तिथे फर्स्ट मिनिस्टर, म्हणजे तिथले मुख्यमंत्रीच, सदस्यांच्या प्रश्नांना उत्तरे द्यायला उभे राहतात. सभागृह अर्धगोल, सदस्य १२९, प्रत्येकाच्या बाकावर मायक्रोफोन आणि बोलण्याची परवानगी मागण्याचे बटण. पाऊण तास फर्स्ट मिनिस्टरांची सुटका नसते.

आपल्या विधानसभेत प्रश्नोत्तराच्या तासाला ज्या त्या खात्याचे मंत्री उत्तर देतात. दर आठवड्याला ठरलेल्या वेळी विरोधी पक्षनेत्याने मुख्यमंत्र्यांना समोरासमोर धरावे, अशी प्रथा आपल्याकडे रुजलेली नाही. होलीरूडला, म्हणजे स्कॉटलंडच्या पार्लमेंटात, ती आहे. गंमत म्हणजे त्या दिवशीच्या कामकाजपत्रिकेत पहिल्या प्रश्नापुढे विरोधी नेत्याचे नाव छापलेले असते आणि मजकुराच्या जागी एवढाच शेरा असतो की प्रश्न सभागृहातच विचारला जाईल. विषय शेवटच्या क्षणापर्यंत गुलदस्त्यात. त्यामुळे फर्स्ट मिनिस्टरांना रुग्णालयांच्या प्रतीक्षायादीपासून बेटांवरच्या बोटींपर्यंत सगळ्याची तयारी करून यावे लागते. टीव्हीवर स्कॉटलंडचे राजकारण म्हणून जे दिसते ते बहुतेक याच पाऊण तासातले.

बघायला ते रंगतदार असते, पण धोरणाची खरी झडती त्यात क्वचितच होते. विरोधी नेता संध्याकाळच्या बातम्यांत बसेल असे वाक्य घेऊन येतो, फर्स्ट मिनिस्टर तेवढेच धारदार प्रत्युत्तर घेऊन येतात आणि सत्ताधारी बाकांवरून एखादा सदस्य ‘सरकारने केलेल्या या उत्तम कामाबद्दल अधिक सांगाल का’ असा पेरलेला प्रश्न विचारतो. पेरलेले प्रश्न आपल्याला नवे नाहीत. खरी झडती इतरत्र होते, आणि तिथेही आधी एक दार ओलांडावे लागते: हा विषय मुळात या सरकारच्या हातात आहे का?

११ सप्टेंबर १९९७ च्या सार्वमतात ७४.३ टक्के मतदारांनी स्वतंत्र पार्लमेंटच्या बाजूने कौल दिला, १९९८ मध्ये लंडनच्या संसदेने स्कॉटलंड कायदा केला आणि १ जुलै १९९९ पासून सत्ता प्रत्यक्षात हस्तांतरित झाली. आपल्या राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत केंद्राची, राज्याची आणि समवर्ती अशा तीन याद्या आहेत. स्कॉटलंडच्या कायद्यात मुख्य यादी एकच, पाचव्या परिशिष्टातली, आणि ती लंडनने स्वतःकडे ठेवलेल्या विषयांची. संरक्षण, परराष्ट्र व्यवहार, इमिग्रेशन, प्रसारण, ऊर्जेचा मोठा भाग वगैरे. त्या यादीत जे नाही ते एडिंबरोचे. आरोग्य, शिक्षण, पोलीस, न्यायालये, घरे, शेती, स्थानिक संस्था, सगळे त्यात आले.

कागदावर ही वाटणी स्वच्छ दिसते. जगणे मात्र यादीप्रमाणे चालत नाही. एडिंबरोच्या बँकेत किंवा अ‍ॅबर्डीनच्या तेल कंपनीत नोकरी करणारे एखादे मराठी कुटुंब घ्या. त्यांचा व्हिसा लंडनच्या हातात. मुलांची शाळा, आईच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया, घराच्या भाड्याचे कायदे एडिंबरोच्या हातात. पगारावरच्या प्राप्तिकराचे दर आणि टप्पे एडिंबरो ठरवते, पण त्याच पगारातून कापला जाणारा नॅशनल इन्शुरन्स लंडनचा. एकाच पगारपत्रकावर दोन सरकारे बसलेली.

वृद्धाश्रमात परिचारिका मिळत नाहीत, हा प्रश्न मग कोणाला विचारायचा? वृद्धांची देखभाल एडिंबरोची जबाबदारी, आणि बाहेरून माणसे येऊ देणे लंडनची. मंत्र्याला दोन्हीकडून सुटायची सोय आहे. म्हणून तिथल्या सदस्यांनी एक वाक्यरचना घोटून ठेवली आहे: अमुक विषयावर स्कॉटिश सरकारने ब्रिटिश सरकारशी कोणती चर्चा केली आहे? चर्चा करणे हे स्कॉटिश सरकारचेच काम, त्यामुळे प्रश्न नियमात बसतो आणि लंडनचा राखीव विषय बाजूच्या दाराने आत येतो. दुसरी युक्ती परिणाम विचारण्याची: अमुक निर्णयाचा स्कॉटलंडवर काय परिणाम होईल, याचा सरकारने अंदाज घेतला आहे का? अंदाज घेतला नसेल तर तसे लेखी कबूल करावे लागते, आणि ती कबुलीच पुढच्या प्रश्नाचे भांडवल होते.

लंडनच्या बाजूनेही कुंपण पक्के आहे. २५ ऑक्टोबर १९९९ रोजी हाउस ऑफ कॉमन्सने ठराव केला की जे विषय हस्तांतरित झाले आहेत त्यांवर, काही ठरावीक अपवाद सोडता, ब्रिटिश मंत्र्यांना प्रश्न विचारता येणार नाहीत. ग्लासगोचा खासदार आपल्या मतदारसंघातल्या रुग्णालयाविषयी लंडनच्या आरोग्यमंत्र्यांना विचारू शकत नाही. मात्र इंग्लंडच्या रुग्णालयांवरच्या विधेयकावर तो मतदान करू शकतो! ही विसंगती टॅम डॅलिएल या खासदाराने १९७७ मध्येच, सत्ता हस्तांतरित होण्याच्या दोन दशके आधी, संसदेत पुन्हा पुन्हा मांडली. त्याच्या मतदारसंघाच्या नावाने ती ‘वेस्ट लोदियन प्रश्न’ म्हणून ओळखली जाते. २०१५ मध्ये इंग्लंडपुरत्या विधेयकांसाठी वेगळी मतदानपद्धत आणली गेली आणि २०२१ मध्ये रद्दही झाली. हा प्रश्न अजून सुटलेला नाही. सोडवायची कोणाला घाई आहे असेही दिसत नाही.

आता लेखी प्रश्नांकडे येऊ. ज्याला खरोखर माहिती हवी असते तो सदस्य गुरुवारची वाट पाहत नाही, लेखी प्रश्न टाकतो. नियमाप्रमाणे उत्तर दहा कामकाजी दिवसांत यायला हवे, सुटीच्या काळात वीस. प्रत्येक प्रश्नाला क्रमांक असतो, आणि प्रश्न व उत्तर दोन्ही सर्वांना पाहता येतात. ज्यांनी आपल्या विधिमंडळाच्या तारांकित प्रश्नांच्या याद्या चाळल्या आहेत त्यांना तो साचा पाठ असेल. ‘सन्माननीय मंत्री पुढील गोष्टींचा खुलासा करतील काय’ अशी सुरुवात, मग ‘हे खरे आहे काय’, ‘असल्यास’, ‘नसल्यास’, आणि शेवटी हमखास ‘विलंबाची कारणे काय आहेत’. उत्तरात ‘होय’, ‘अंशतः खरे आहे’ आणि सगळ्यांवर कडी म्हणजे ‘प्रश्न उद्भवत नाही’. होलीरूडच्या उत्तरांची भाषा एवढी आखीव नाही, पण पळवाट तीच. ही माहिती सरकारकडे एकत्रित ठेवली जात नाही, कृपया संबंधित आरोग्य मंडळाकडे विचारणा करावी. लंडनकडे बोट दाखवता येत नसेल तेव्हा खाली बोट दाखवायचे.

या सगळ्या यंत्रणेची परीक्षा पाहणारे प्रकरण म्हणजे दोन फेरी बोटी. स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या बेटांचे जगणे या बोटींवर चालते. शाळा, दवाखाना, बाजार, अंत्यविधी, सगळ्याला बोट लागते. २०१५ मध्ये पोर्ट ग्लासगोच्या फर्ग्युसन गोदीला दोन नव्या बोटींचे ९ कोटी ७० लाख पौंडांचे कंत्राट दिले गेले. क्लाइड नदीच्या खालच्या भागातली ही एक शेवटची व्यापारी गोदी. तिला काम मिळावे ही राजकीय इच्छा समजण्यासारखी होती. पण बोटी विकत घेणाऱ्या, सरकारच्याच मालकीच्या सीमॅल या कंपनीला धास्ती होती, कारण काम फसले तर पैसे परत मिळण्याची पूर्ण हमी गोदी देत नव्हती. तरीही करार झाला.

बोटी २०१८ मध्ये यायच्या होत्या. नोव्हेंबर २०१७ मध्ये तेव्हाच्या फर्स्ट मिनिस्टर निकोला स्टर्जन यांच्या हस्ते त्यांतल्या पहिल्या, ‘ग्लेन सॅनॉक्स’ या बोटीचे जलावतरण झाले. छायाचित्रांत बोट झकास दिसत होती, फक्त पुढच्या बाजूच्या खिडक्या रंगाने काढलेल्या होत्या! ही गोष्ट पुढे स्कॉटलंडमध्ये चेष्टेचा विषय झाली. २०१९ मध्ये गोदी दिवाळखोरीत गेली आणि सरकारने ती ताब्यात घेतली. त्यानंतर किती गुरुवारी हा विषय निघाला असेल ते मोजणे अवघड. दर वेळी नवी तारीख, नवा खर्च आणि तेच उत्तर: गोदी वाचवली, शेकडो नोकऱ्या वाचवल्या.

गाडी पुढे सरकली ती समित्यांमुळे. होलीरूडला वरचे सभागृह नाही. आपल्याकडे विधानसभेवर नजर ठेवायला विधान परिषद आहे, तिथे ते काम समित्यांवर येते. साक्षीदाराला समोर बसवून तास-दोन तास एकाच मुद्द्याभोवती फिरता येते, आणि एका वाक्यात सुटका होत नाही. डिसेंबर २०२० मध्ये ग्रामीण अर्थव्यवस्था समितीने बोटींच्या कंत्राटाच्या व्यवस्थापनाला ‘महाभयंकर अपयश’ ठरवले. मार्च २०२२ मध्ये महालेखापरीक्षकांचा अहवाल आला आणि त्यातून खरा बॉम्ब फुटला. धोक्याची सूचना असूनही मंत्र्यांनी कंत्राटाला मान्यता का दिली, हे समजेल इतका कागदोपत्री पुरावाच उपलब्ध नव्हता. इतकी वर्षे सदस्य विचारत होते त्या प्रश्नाचे उत्तर कोणी दडवले होते की नव्हते हा मुद्दाच उरला नाही. उत्तर लिहूनच ठेवलेले नव्हते.

दोन महिन्यांनी, मे २०२२ मध्ये, सरकारला एक जुना ईमेल सापडला. तेव्हाचे वाहतूकमंत्री डेरेक मॅके यांनी मान्यता दिल्याचे त्यात होते. मान्यता कोणी दिली हे कळले, का दिली हे नाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये सार्वजनिक लेखा समितीने खुद्द स्टर्जन यांना साक्षीला बोलावले. शेवटी ‘ग्लेन सॅनॉक्स’ जानेवारी २०२५ मध्ये प्रवासी सेवेत आली, ठरल्यापेक्षा जवळजवळ सात वर्षे उशिरा. आणि आली तीही अ‍ॅरन बेटाच्या नेहमीच्या आर्ड्रॉसन बंदरातून नव्हे, तर ट्रून बंदरातून, कारण आर्ड्रॉसनचा धक्का एवढ्या मोठ्या बोटीला सोयीचा नव्हता. दुसरी बोट तेव्हाही गोदीतच होती. दोन्ही बोटींवरचा सरकारी खर्च मूळ किमतीच्या चौपटीपलीकडे गेला.

या प्रकरणावरून प्रश्नांनी काही साधत नाही, असा निष्कर्ष काढणारे पुष्कळ भेटतील. मला तसे वाटत नाही. चिकाटीने विचारलेल्या प्रश्नांमुळेच लेखापरीक्षक, समित्या आणि वार्ताहर एकाच जागी खणत राहिले. मात्र एक गोष्ट उघडी पडली. मंत्र्याला प्रश्न विचारण्याचा हक्क, मंत्र्याने निर्णयाची कारणे लिहून ठेवण्याच्या सक्तीशिवाय अर्धाच राहतो. गुरुवारच्या खडाजंगीत कितीही घाम गाळला तरी फाइलमध्ये जे नाही ते बाहेर येणार कसे?

युनायटेड किंग्डममधली इतर दोन हस्तांतरित सरकारे या बाबतीत दोन टोकांना आहेत. वेल्सच्या सेनेडने, म्हणजे तिथल्या पार्लमेंटने, तक्रार केली की साठ सदस्यांत सरकारवर नजर ठेवायला माणसेच पुरत नाहीत, मंत्री वगळले की समित्यांसाठी उरतात किती? त्यामुळे २०२६ च्या निवडणुकीपासून सदस्यसंख्या ९६ करण्याचा कायदा झाला. सभासद वाढवून घेणाऱ्या सभागृहाकडे लोक संशयाने पाहतात, तसे तिथेही पाहिले गेले, पण कारण खोटे नव्हते. उत्तर आयर्लंडमध्ये उलट. तिथे दोन मोठ्या गटांनी एकत्र बसल्याशिवाय सरकारच बनत नाही. २०१७ ते २०२० आणि पुन्हा २०२२ ते २०२४ या काळात तिथले सरकार ठप्प होते. पहिल्या खेपेची ठिणगी अक्षय ऊर्जेच्या एका योजनेने टाकली. लाकडाच्या गोळ्या जितक्या जास्त जाळाल तितके जास्त अनुदान, अशी ती अजब योजना. सरकार पडल्यावर खाती सनदी अधिकारी चालवत राहिले, आणि त्यांना सभागृहात उभे करून जाब विचारणारे सभागृह भरतच नव्हते.

स्कॉटलंडमध्ये राहणाऱ्या मराठी वाचकांसाठी, आणि ज्यांची मुले-सुना तिकडे आहेत त्यांच्यासाठी, एक उपयोगाची गोष्ट. तिथे कायदेशीर वास्तव्य असलेल्या भारतीय नागरिकाला, ब्रिटिश पासपोर्ट नसला तरी, होलीरूडच्या निवडणुकीत मत देता येते, आणि तेही वयाच्या सोळाव्या वर्षापासून. नाव मात्र मतदारयादीत स्वतः नोंदवावे लागते. तिथल्या प्रत्येक रहिवाशाला एक मतदारसंघाचा आणि सात विभागाचे असे आठ प्रतिनिधी असतात. शाळेचा प्रवेश अडला असेल, शस्त्रक्रियेची तारीख पुढे पुढे जात असेल, तर त्या आठांपैकी कोणालाही पत्र लिहा. त्यांनी लेखी प्रश्न टाकला तर सरकारकडे उत्तराला दहा कामकाजी दिवस असतात. व्हिसाची तक्रार असेल तर मात्र आपल्या खासदाराला लिहा. होलीरूडच्या सदस्याला लिहिलेत, तर तो विषय लंडनचा आहे एवढेच उत्तर येईल.