तीन चमचे साखर

आषाढी एकादशीची संध्याकाळ. उपजिल्हा रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत दुसऱ्या खाटेवर एक आजी. लुगडं घामानं चिंब, हाकेला ओ नाही. सिस्टर बोटाला सुई टोचतात. ग्लुकोमीटरवर आकडा उमटतो, ३८. लगोलग २५ टक्के डेक्स्ट्रोज शिरेतून सुरू होतं. शेजारच्या खाटेपाशी सलाइन संपायची वाट बघत उभा असलेला मीही आता तिकडेच पाहतोय.

काही मिनिटांत आजी डोळे उघडतात, पदर सारखा करतात. "मला इथं कोणी आणलं?"

"सकाळी शुगरची गोळी तेवढी घेतली, पोटात दुसरं काही नाही," मुलगा सांगतो. "दुपारी हात थरथरायला लागले, मग असंबद्ध बोलायला लागली. आम्हाला वाटलं, शुगर वाढली."

सून पुढे सरकते. "साखरपाणी देणार होते मी. पण आईंना साखर बंद सांगितलीय ना!"

मेख इथंच आहे. ओपीडीत दर खेपेला ऐकलेलं 'साखर बंद' या घरानं इमानेइतबारे पाळलंय. साखर कधी द्यायची, हे मात्र त्यांच्या कानावर आलेलंच नाही.

सिस्टर गोळ्यांची पिशवी खाटेवर रिकामी करतात आणि ग्लिमेपिराइडचं पाकीट उचलतात. "तुम्ही जेवा, नाहीतर उपाशी राहा, ही गोळी साखर खाली आणतेच. तिचा जोर लवकर ओसरत नाही, म्हणून आज रात्री आजी इथंच. दर तासाला तपासणार."

मग सुनेकडे वळून, "ताई, घाम, थरथर, धडधड, बडबड, यातलं काहीही दिसलं की आधी साखर. शुद्धीत असतील तर तीन चमचे, पाण्यात विरघळवून. १५ मिनिटांनी तपासा. ७० च्या खाली असेल तर पुन्हा तीन. सावरल्या की पोळी, भात, काहीतरी खायला द्या. शुद्ध नसेल तर तोंडात थेंबही नाही, श्वासनलिकेत जाईल. कुशीवर वळवा आणि १०८ ला फोन करा."

'कळलं का' असं त्या विचारतच नाहीत. "आता तुम्ही मला सांगा."

सून सांगते, पण पुन्हा तपासायचं विसरते. सिस्टर परत म्हणवून घेतात. आजींना अक्षरओळख नाही, म्हणून त्या पाकिटावर सलाइनची पांढरी चिकटपट्टी लावतात आणि आजींचं बोट तिच्यावरून फिरवतात. "ही लागली हाताला की काय?"

"ताट वाढल्याशिवाय गोळी नाही," आजी म्हणतात. "पण पुढच्या एकादशीला?"

"उपास तुमचा, गोळी डॉक्टरांची. आधी ओपीडीत येऊन विचारायचं, मगच उपास धरायचा."

पलीकडून दुसरा पेशंट हाक मारतोय. सिस्टर उठतात, तेवढ्यात सून विचारते, "आणि झोपेत झालं तर? आम्हाला कळणार कसं?"

सिस्टर त्या पेशंटला "आलेच" म्हणतात आणि पुन्हा स्टूल ओढतात. "हा प्रश्न कामाचा. रात्री अंथरूण घामानं ओलं लागलं, की समजायचं..."